पंपाच्या ग्लँडमधून पाणी ठिबकू द्या

सेंट्रिफ्यूगल पंपाच्या ग्लँडमधून पाणी गळताना दिसले की आपण पाना घेऊन नट घट्ट आवळतो. गळती थांबते, पण नुकसान तेथूनच सुरू होते.

ग्लँडमधील दोरी फिरत्या शाफ्टला सतत घासत असते. ठिबकणारे पाणीच तिला थंड ठेवते. ते बंद झाल्यास दोरी करपते, शाफ्टवर चरे पडतात आणि मोटारीवर भार येतो. उलट ग्लँड फार सैल राहिली तर हवा आत शिरून पंप पाणी सोडू शकतो. म्हणून मिनिटाला साधारण 40 ते 60 थेंब पडतील इतपतच ग्लँड आवळावी. दोन्ही नट सारखे व थोडे थोडे फिरवावेत.

दोरी बदलताना पुढील काळजी घ्यावी.

1. मेन स्विच बंद करून फ्यूज काढून स्वतःजवळ ठेवावेत.
2. जुन्या दोरीचे सर्व तुकडे काढावेत.
3. शाफ्टच्या एका वेढ्याएवढे नव्या दोरीचे तुकडे कापावेत. अखंड दोरी गुंडाळू नये.
4. प्रत्येक तुकड्याचा सांधा आधीच्या सांध्यापासून पाव वेढा पुढे ठेवावा.
5. नट प्रथम हातानेच लावावेत. सुरुवातीला पाणी जास्त गळू द्यावे, मग हळूहळू आवळावे.

शाफ्टवर चरे असल्यास नवी दोरी टिकणार नाही. आधी शाफ्ट किंवा त्यावरील स्लीव्ह दुरुस्त करावी. मेकॅनिकल सीलच्या पंपाला मात्र हा नियम लागू नाही. तेथे सतत गळती दिसल्यास सील तपासून घ्यावे.

ऐन पाण्याच्या पाळीत पंप बंद पडण्यापेक्षा चार थेंब वाया गेलेले परवडतात.