शाळेच्या वाफ्यातील ॲमरिलिस

वार्षिक परीक्षेचे दिवस जवळ येतात त्या सुमारास एखाद्या पर्णहीन कंदातून हातभर लांबीचा पोकळ दांडा वर येतो आणि त्याच्या टोकास दोन ते चार मोठी, तुतारीच्या आकाराची लाल फुले उमलतात. सामान्य लोक या झाडाला नुसतेच ‘लिली’ म्हणतात, तर बागवान ॲमरिलिस म्हणतात. वनस्पतिशास्त्रातील नाव हिप्पेॲस्ट्रम असून मूळ स्थान दक्षिण अमेरिका होय. खरी ॲमरिलिस ही दक्षिण आफ्रिकेतील निराळी वनस्पती आहे. परंतु रूढ झालेले नाव आता सुटणे कठीण.

ट्यूलिपचे कंद कित्येक आठवडे कडक थंडीत राहिल्यावाचून नीट फुलत नाहीत, म्हणून श्रीनगरला ते शोभतात. ॲमरिलिसला तशी थंडी लागत नाही. तिला हवी असते ती काही आठवड्यांची कोरडी विश्रांती. पाण्याची टंचाई असलेल्या शाळेस हा गुण सोयीचाच आहे.

तरीही पुष्कळ ठिकाणी पहिल्या वर्षी फुललेला कंद पुढे फुलत नाही. याचे कारण बहुधा शाळेची स्वच्छता हेच असते. फुले कोमेजल्यावर पट्ट्यांसारखी लांब पाने वाढतात. ती अस्ताव्यस्त दिसतात म्हणून मुलांकडून कापून घेतली जातात. वास्तविक कंद म्हणजे मूळ नव्हे. तळाशी चकतीसारखे आखूड खोड आणि त्यावर अन्न साठविलेले जाड पापुद्रे, अशी त्याची रचना असते. कांदा उभा चिरून ती वर्गात दाखविता येते. या पापुद्र्यांत अन्न भरण्याचे काम हिरवी पाने करतात. शिवाय सुमारे चार पानांमागे एक फुलाचा कोंब कंदात धरतो आणि तो बाहेर पडण्यापूर्वी कित्येक महिने आतच वाढत असतो. पाने कापणे म्हणजे पुढील वर्षाचे फूल कापणे होय. कोमेजलेल्या फुलाचा दांडा मात्र खुशाल काढावा.

लागवड थंडीच्या अखेरीस करावी. पोयटा, वाळू व चांगले कुजलेले शेणखत यांचे मिश्रण घ्यावे. कंदाची मान व वरचा सुमारे तिसरा हिस्सा मातीबाहेर ठेवावा. पूर्ण पुरलेला कंद कुजण्याचा संभव असतो. काळ्या चिकण जमिनीत किंवा कोकणच्या पावसात वाफा उंच असणे अवश्य आहे. आरंभी पाणी बेताचेच द्यावे, दांडा दिसू लागल्यावर वाढवावे. पावसाळा संपल्यावर पाणी कमी करीत जावे, म्हणजे पाने आपोआप पिवळी पडून कंद विसावतो.

खरी अडचण उन्हाळ्याच्या सुट्टीची. नेमकी पाने वाढावयाची तेव्हा शाळा बंद! अशा वेळी वाफ्यावर पालापाचोळा पसरावा व शेजारच्या मुलांकडे चार-सहा दिवसांनी पाणी घालण्याची पाळी लावून द्यावी. कुंड्या असल्यास सावलीस हलवाव्यात.

पावसाळ्यात ठिपकेदार अळ्या पानांचा फडशा पाडतात. त्या काडीने वेचून साबणाच्या पाण्यात टाकणे एवढा उपाय लहान वाफ्यास पुरतो. मूळ कंदाच्या कडेस पिले धरतात. ती विश्रांतीच्या काळात वेगळी करून लावावीत. काळ्या, कागदासारख्या पातळ बियांपासूनही रोपे होतात, मात्र ती फुलण्यास निदान तीन वर्षे लागतात.

हा कंद दिसण्यात कांद्यासारखाच असतो आणि तो विषारी आहे. तो पोटात गेल्यास मळमळ, लाळ सुटणे व उलट्या होतात. कांद्याचा उग्र वास त्याला नसतो, हा भेद मुलांना सांगावा. परंतु तेवढ्यावर विसंबू नये. काढलेले कंद शालेय आहाराच्या स्वयंपाकघराजवळ कदापि ठेवू नयेत. हाताळल्यावर मुलांस साबणाने हात धुवावयास लावावे. एखाद्याने तुकडा खाल्लाच, तर घरगुती उपचारांत वेळ न दवडता त्यास दवाखान्यात न्यावे आणि उरलेला कंदही सोबत न्यावा, म्हणजे काय खाल्ले हे डॉक्टरांस लगेच कळेल.