चिकटपणाचे कारभारी

सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवली की जो बुळबुळीत थर लागतो, ती जिवाणूंची वस्ती असते. तिला बायोफिल्म म्हणतात. जिवाणू साखरेचा चिकट पाक सोडतात आणि त्यात रुतून बसतात, असे सर्रास सांगितले जाते. ते खोटे नाही, पण त्यात प्रथिनांचे काम झाकले जाते. दातावर लाळेचा पातळ पापुद्रा असतो. स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा जिवाणू आपल्या अंगावरच्या प्रथिनाने त्याला धरतो. पुढे आपण साखर खाल्ली की त्याची ग्लुकोसिलट्रान्स्फरेज ही एन्झाइम्स तिच्यातल्या ग्लुकोजच्या लांब साखळ्या विणतात. एन्झाइम म्हणजे प्रथिनच. तेव्हा पाकही प्रथिनांच्याच हातचा.

ई. कोलाय या जिवाणूची कथा याहून विलक्षण आहे. तो सीएसजीए नावाचे प्रथिन सुटे सुटे बाहेर सोडतो. बाहेर सीएसजीबी हे दुसरे प्रथिन त्याला पहिला आकार देते आणि मग भराभर थर बांधून ठेवणारे ‘कर्ली’ नावाचे चिवट धागे तयार होतात. हे धागे अमायलॉइड, म्हणजे एका ठरावीक घडीच्या प्रथिनांचे आहेत, हे 2002 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवले. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाची घडीही याच जातीची. आपल्याकडे ती बिघाडाची खूण, जिवाणूकडे मात्र मुद्दाम केलेले बांधकाम! धागे पेशीच्या आतच जमले तर घात होईल, म्हणून ते आत जमू न देणारे सीएसजीसी हे प्रथिनही तो बाळगतो.

वजनाने तर बहुशर्करा, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्याच जास्त भरतात, असा आक्षेप कोणी घेईल. अनेक थरांबाबत तो खरा आहे. पण वजनावरून महत्त्व ठरत नाही. मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूच्या कित्येक वाणांत साखरेचा चिकट पदार्थ बनवणारी जनुके काढून टाकली तरी थर बनतोच. त्याच थरावर प्रथिने पचवणारे एन्झाइम टाकले की तो सुटतो. मग औषध म्हणून असे एन्झाइमच का देऊ नये? कारण सुटलेले जिवाणू मरत नाहीत. रक्तात उतरून दुसरीकडे ठाण मांडू शकतात. थराबाहेर पडल्यावर मात्र त्यांच्यावर प्रतिजैविकांचा मारा सहसा चांगला लागू पडतो. म्हणून थर मोडणारे एन्झाइम आणि जिवाणू मारणारे औषध बरोबरच पोचायला हवे.