विम्बल्डनच्या झगमगाटामागचा जमाखर्च

जून महिन्याचा उत्तरार्ध आला की जगभरच्या क्रीडारसिकांचे लक्ष लंडनमधील विम्बल्डनकडे लागते. तेथील हिरवळ, शुभ्र वेशातील खेळाडू आणि कोट्यवधी पौंडांची बक्षिसे पाहिली की ब्रिटनमधील टेनिसपटूंना पैशांची ददात नसावी, असा कोणाचाही समज होईल. देशातील टेनिसची एकंदर तिजोरी पाहता तो समज चुकीचाही नाही. मात्र जागतिक क्रमवारीत तीनशेच्या किंवा पाचशेच्या पलीकडे असलेल्या ब्रिटिश खेळाडूचा जमाखर्च मांडला, की चित्र निराळे दिसू लागते.

ब्रिटनमधील टेनिसचा कारभार १८८८ साली स्थापन झालेली लॉन टेनिस असोसिएशन पाहते. विम्बल्डनच्या वार्षिक शिलकीपैकी ९० टक्के वाटा करारानुसार या संस्थेला मिळतो. अलीकडच्या वर्षांत ही रक्कम चार कोटी पौंडांच्या वर गेली आहे. २००७ मध्ये रोहॅम्प्टन येथे सुमारे चार कोटी पौंड खर्चून राष्ट्रीय टेनिस केंद्रही उभे राहिले. थोडक्यात, स्थावर भांडवलाची उणीव नव्हती. प्रश्न होता तो खेळत्या भांडवलाचा आणि बाजारपेठेचा.

एका खेळाडूचा ताळेबंद

व्यावसायिक टेनिसपटू हा एका अर्थाने स्वतंत्र व्यावसायिक असतो. प्रवास, निवास, प्रशिक्षकाचे मानधन, रॅकेटची तार, दुखापतीवरचे उपचार हा सारा खर्च आधी करावा लागतो. उत्पन्न मात्र सामना जिंकल्यावरच मिळते. पुरुषांच्या सर्वांत खालच्या पायरीवरील आंतरराष्ट्रीय स्पर्धेत एकूण बक्षीस १५,००० डॉलर असते. एकेरीच्या विजेत्याला त्यातून २,१६० डॉलर मिळतात, तर पहिल्याच फेरीत हरणाऱ्याच्या हाती दीडशे डॉलरच्या आसपास रक्कम पडते. आठवडाभराचा मुक्काम आणि विमानभाडे त्यातून भागणे अशक्यच.

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१३ च्या हंगामाचा अभ्यास केला, तेव्हा व्यावसायिक स्पर्धांत उतरलेल्या सुमारे १४,००० खेळाडूंपैकी जवळजवळ निम्म्यांना बक्षिसाचा एक डॉलरही मिळाला नव्हता. प्रशिक्षकाचा खर्च वगळूनही जमा आणि खर्चाची तोंडमिळवणी पुरुषांत ३३६ व्या, तर महिलांत २५३ व्या क्रमांकापर्यंतच होत होती.

सरावाला पर्याय सामन्याचा

अनुदानाने यातील काही भार हलका होतो. परंतु केवळ अनुदानाने क्रमांक सुधारत नाही. क्रमवारीतील गुण ५२ आठवडेच टिकतात. जो खेळत नाही, त्याची कमाई वर्षभरात आपोआप ओसरते. शिवाय सरावाच्या मैदानावर ओळखीच्या जोडीदाराबरोबर हजार चेंडू मारले, तरी निर्णायक गुणाच्या वेळी मनावर येणारे दडपण तेथे अनुभवता येत नाही. ते प्रत्यक्ष सामन्यातच भेटते. म्हणून ट्युनिशियातील मोनास्टिर किंवा तुर्कस्तानातील अंताल्या येथे आठवड्यामागून आठवडे चालणाऱ्या छोट्या स्पर्धांकडे ब्रिटिश खेळाडूही वळतात.

अँडी मरे २००२ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, बार्सिलोनातील सांचेझ-कासाल अकादमीत गेला, तो अधिक तयारीच्या प्रतिस्पर्ध्यांशी रोज झुंजता यावे म्हणूनच. कॅमेरॉन नॉरी आणि जेकब फर्नली यांनी अमेरिकेतील टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचा मार्ग धरला. शिक्षण, प्रशिक्षण आणि आंतरविद्यापीठ सामन्यांचा भरगच्च हंगाम असा तिहेरी लाभ तेथे होतो. नॉरीने २०२२ मध्ये विम्बल्डनची उपांत्य फेरी गाठली. फर्नली जून २०२४ मध्ये क्रमवारीत पाचशेच्या पलीकडे होता. त्याने नॉटिंगहॅमची चॅलेंजर स्पर्धा पात्रता फेरीतून येऊन जिंकली आणि वर्ष संपण्यापूर्वी पहिल्या शंभरांत प्रवेश केला. ती स्पर्धा मायदेशात होती, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

उशिरा उमलणाऱ्यांचे काय?

असोसिएशनने २०१८ मध्ये सोळा ते चोवीस वयोगटातील होतकरू खेळाडूंसाठी शिष्यवृत्ती योजना सुरू केली. देशांतर्गत आंतरराष्ट्रीय स्पर्धांची संख्याही अलीकडे वाढवली आहे. पुरुष व्यावसायिकांच्या ए.टी.पी. या संघटनेने २०२४ पासून पहिल्या २५० खेळाडूंना किमान उत्पन्नाची हमी दिली. १७६ ते २५० या क्रमांकांसाठी तेव्हा ही रक्कम ७५,००० डॉलर ठरली. पाऊल स्तुत्य आहे. तथापि ज्याचे वय चोवीसच्या पुढे आणि क्रमांक अडीचशेच्या मागे, तो या दोन्ही छत्रांबाहेरच राहतो.

अशांना संधी मिळाल्यास काय घडते, हे मार्कस विलिसने २०१६ मध्ये दाखवले. वय पंचवीस, क्रमांक ७७२, उपजीविका वॉरिकच्या क्लबात मुलांना शिकवण्याची. त्या वर्षी तोवर बक्षिसापोटी त्याला जेमतेम २२० पौंड मिळाले होते. कोणीतरी माघार घेतल्याने ब्रिटिश खेळाडूंसाठीच्या पूर्वपात्रता फेरीत त्याला शेवटची जागा मिळाली. तेथून सलग सात सामने जिंकून, ५४ व्या क्रमांकाच्या रिकार्डास बेरांकिसला नमवून, तो सेंटर कोर्टवर रॉजर फेडररसमोर उभा ठाकला. तो सामना त्याने गमावला, तरी दुसऱ्या फेरीचे ५०,००० पौंड त्याच्या नावे जमा झाले.

विलिसला मोठे अनुदान लाभले नव्हते. लाभली ती स्पर्धेतील एक मोकळी जागा. कारखान्याची इमारत कितीही भव्य असली, तरी मागणीवाचून यंत्रे फिरत नाहीत, हे बँकव्यवहाराशी परिचित असलेल्यांना वेगळे सांगायला नको. खेळाडूच्या बाबतीत ही मागणी म्हणजे सामना. तो घराजवळ, परवडणाऱ्या खर्चात आणि वारंवार मिळू लागला, तर तिजोरीतील पौंड खऱ्या अर्थाने कामी लागले असे म्हणता येईल.