ब्रेक पॅड स्वतः बदलताय? आधी हे वाचा, मग पाना उचला



पहिल्यांदा स्वतःच्या गाडीचे ब्रेक पॅड बदलले, तेव्हा मला वाटलं की सगळं बरोबर जमलं. चाक बसवलं, नट आवळले, खुशीत गाडी चालू केली आणि गेटकडे घेतली. ब्रेक दाबला तर पॅडल पार खालपर्यंत गेलं. गाडी थांबेना! हँडब्रेक ओढला म्हणून गेट वाचलं. तिथे रोज शेजारची मुलं खेळतात. त्या दिवशी नव्हती, एवढंच नशीब.

पॅड चांगले होते, फिटिंगही बरोबर होतं. फक्त एक पायरी राहिली होती. ती खाली सातव्या नंबरला आहे. व्हिडिओत हात दिसतात, पण कारणं घाईत राहून जातात. म्हणून हे लिहून ठेवतोय.

आधी ठरवा, हे काम तुमचं आहे का?

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक असतो. नवशिक्याने फक्त पुढचे पॅड घ्यावेत. ड्रममध्ये स्प्रिंगा आणि अ‍ॅडजस्टरचं काम असतं, ते नंतर शिकू.

यातलं काहीही दिसलं तर सरळ गॅरेजला जा:

- ब्रेक ऑइल गळतंय
- पॅडल स्पंजसारखं मऊ लागतंय
- ब्रेकचा किंवा एबीएसचा दिवा लागून राहतोय
- डिस्कवर खोल चरे किंवा तडा आहे

डिस्कची किमान जाडी बहुतेक वेळा डिस्कवरच कोरलेली असते. त्यापेक्षा ती झिजली असेल, तर नुसते पॅड बदलून उपयोग नाही. गाडी वॉरंटीत असेल तर तिला हात लावण्याआधी अटी वाचा.

पॅड संपले हे कसं ओळखायचं?

पॅडचा घासणारा थर साधारण ३ मिमीपर्यंत आला की बदलायची वेळ झाली. बऱ्याच पॅडना एक छोटी पत्री असते, ती डिस्कला लागून चिरकते. चिरकण्याच्या जागी खरखर ऐकू आली, तर लोखंडावर लोखंड घासतंय असं समजा. मग गाडी चालवू नका.

अजून एक गोष्ट. पॅड झिजतात तसा पिस्टन बाहेर येतो आणि डब्यातलं ब्रेक ऑइल थोडं खाली जातं. पातळी खाली दिसली म्हणून लगेच ऑइल भरू नका. पॅड बदलताना पिस्टन मागे ढकलला की तेच ऑइल वर येतं. आधीच भरून ठेवलं असेल तर बाहेर सांडतं आणि गाडीचा रंग खातं.

सामान

दोन्ही चाकांचे मिळून पॅडचा एक सेट, जॅक, जॅक स्टँड, चाक पाना, पाना सेट, सी-क्लॅम्प, तार, ब्रेक क्लीनर, ब्रेकसाठीचं ग्रीस, मास्क. पॅड घेताना दुकानदाराला गाडीचं मॉडेल, वर्ष आणि व्हेरियंट सांगा. जमलं तर पार्ट नंबर जुळवा आणि बिल घ्या.

काम, क्रमाने

१. गाडी सपाट, टणक जागेवर लावा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा. चाकाचे नट गाडी खाली असतानाच थोडे सैल करा.

२. जॅकने उचला आणि लगेच जॅक स्टँड लावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात-पाय घालायचा नाही. जॅक उचलायला असतो, गाडी धरून ठेवायला नाही.

३. एका वेळी एकच बाजू उघडा. काही विसरलात तर दुसरी बाजू बघता येते. उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा.

४. बहुतेक गाड्यांत कॅलिपरचा खालचा बोल्ट काढला की कॅलिपर वर फिरतो. पूर्ण काढावा लागला तर तारेने बांधा. ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत ठेवू नका, पाइप आतून फाटू शकतो.

५. जुने पॅड काढा. धूळ फुंकू नका, ती फुप्फुसाला घातक असते. मास्क घाला आणि ब्रेक क्लीनर वापरा. जुना पॅड मध्ये ठेवून सी-क्लॅम्पने पिस्टन हळूहळू मागे दाबा. ऑइलच्या डब्यावर लक्ष ठेवा.

६. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या पुसून ग्रीस लावा. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला किंवा डिस्कला ग्रीसचा थेंबही लागता कामा नये. नवे पॅड बसवा, बोल्ट आवळा, चाक लावा. मग दुसरी बाजू. गाडी खाली आली की चाकाचे नट समोरासमोरचे असे आवळा. किती आवळायचे ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं.

७. गाडी हलवण्याआधी पॅडल कडक होईपर्यंत पंप करा. पिस्टन मागे गेल्यामुळे पॅड आणि डिस्कमध्ये फट पडलेली असते. पहिले काही दाब ती फट भरण्यातच जातात. मी हेच विसरलो होतो. पंप करूनही पॅडल मऊच राहिलं, तर गाडी जागची हलवू नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

८. ऑइलची पातळी बघा. लागलंच तर डब्याच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच घाला. मग मोकळ्या जागेत ताशी १० किमी वेगाने ब्रेक तपासा. पहिले २००-३०० किमी जोरात ब्रेक मारायची वेळ येऊ देऊ नका, नवे पॅड डिस्कवर नीट बसू द्या.

यात धंद्याचा धडा कुठे आहे?

आपल्यापैकी अनेकांची गाडी हीच धंद्याची गाडी असते. मजुरी वाचते हे खरं, पण पहिल्या वेळी अर्धा दिवस जातो. त्या अर्ध्या दिवसाच्या विक्रीचा हिशोब करा, मग ठरवा. गॅरेजला दिलीत तरी हे वाचलेलं फुकट जाणार नाही. "जुने पॅड दाखवा, डिस्कची जाडी मोजली का?" एवढं विचारलंत की समोरचाही नीट काम करतो.

आणि दुकान असो की ब्रेक, शेवटची तपासणी डोक्यात ठेवायची नसते. कागदावर लिहा आणि तो कागद स्टिअरिंगला चिकटवा: "पॅडल पंप केलं का?" मी आजही चिकटवतो.

भेटू पुढच्या व्हिडिओत. सांभाळून चालवा!