चेकलिस्ट कोण वाचणार?

'एआय' म्हटलं की पनवेलमध्ये दोन प्रकारची बोलणी कानावर येतात. न्हावा शेवा बंदराच्या कामावर चालणाऱ्या क्लिअरिंगच्या, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसांतले मालक म्हणतात, "आता पाच पोरांचं काम दोघांत होईल." आणि त्या पोरांचे आईवडील म्हणतात, "बी.कॉम. करून उपयोग काय? सगळं कॉम्प्युटरच करणार." दोघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य आहे. म्हणूनच एकेक समज नीट तपासून पाहिलेला बरा.

"हे सगळं अमेरिकेत. आपल्याकडे यायला वेळ आहे."

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, पनवेल तालुक्यातच, हिरानंदानी फॉर्च्युन सिटीत योट्टा कंपनीचं एनएम-1 हे डेटा सेंटर आहे. जुलै 2020 मध्ये त्याचं उद्घाटन झालं. सर्व्हरचे 7,200 रॅक मावतील एवढी ती इमारत आहे. एआय मॉडेलं घडवायला आणि चालवायला ज्या एनव्हिडिया एच-100 चिपा लागतात, त्यांचा चार हजारांच्या घरातला पहिला साठा मार्च 2024 मध्ये इथेच आला. त्याच महिन्यात केंद्र सरकारने इंडियाएआय मिशनसाठी 10,372 कोटी रुपये मंजूर केले. या मिशनला चिपांची ताकद भाड्याने पुरवणाऱ्या कंपन्यांतही योट्टा आहे. तुमच्या फोनवरचा प्रश्न तिथेच जातो असं मुळीच नाही. पण यंत्रं तालुक्यात येऊन बसली आहेत, हे खरं.

"एआय म्हणजे कालपरवाची गोष्ट."

चॅटजीपीटी नोव्हेंबर 2022 मधलं, त्यामुळे असं वाटणं साहजिक आहे. पण कुठला माल तपासायचा आणि कुठला तसाच सोडायचा, याची निवड कस्टम्समध्ये 2005 पासून जोखीम ठरवणारी संगणकप्रणाली करते. क्लिअरिंगवाले तिला 'आरएमएस' म्हणतात आणि पावसाबद्दल बोलावं तसं तिच्याबद्दल बोलतात: आज काय करील सांगता येत नाही. ती आजच्यासारखं गप्पा मारणारं एआय नव्हे, नियमांवर आणि जुन्या नोंदींवर चालणारी व्यवस्था आहे. तरीही यंत्राने ठरवायचं आणि माणसाने त्याप्रमाणे धावपळ करायची, ही सवय इथल्या ऑफिसांना वीस वर्षांची आहे. बदललं ते इतकंच, की आता तसलं यंत्र आपल्याही टेबलावर आलं.

"कंपनीने एआय घेतलं की माणसं कमी होतात."

इथे जरा थांबायला हवं. 2024-25 या वर्षात न्हावा शेवा बंदराने सुमारे 73 लाख टीईयू (वीस फुटी मापाचे) कंटेनर हाताळले. आयात मालामागे कागद असतात: इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लॅडिंग. त्यांवरून ऑफिसातलं कोणीतरी एकेक ओळ टाइप करतं, चेकलिस्ट (म्हणजे कच्चा मसुदा) तयार होते, ती आयातदाराकडे जाते, त्याने होकार दिला की बिल ऑफ एंट्री कस्टम्सच्या आइसगेट पोर्टलवर फाइल होते. जहाज यायच्या आदल्या दिवसापर्यंत ती फाइल व्हायला हवी. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज 5,000 रुपये आणि पुढे रोज 10,000 रुपये आकार. दोनशे ओळींचं इनव्हॉइस संध्याकाळी सहाला हातात पडलं की त्या टेबलाची काय दशा होते, ते त्या टेबलावर बसलेल्यालाच ठाऊक.

एआय शिरतं ते नेमकं इथे. पीडीएफ वाचून ते दोनशे ओळी झटक्यात भरून देतं, आणि फार चांगलं देतं. पण जर्मन पुरवठादार बाराशे पन्नास ही रक्कम 1.250,00 अशी लिहितो. आपल्याकडे जिथे स्वल्पविराम, तिथे त्यांचा टिंब. यंत्राने ते नुसतं सव्वा असं वाचलं, तर किंमत हजारपट कमी लागते आणि कस्टम्सच्या नजरेत तो माल कमी किमतीचा दाखवलेला ठरतो. किंवा मालाचं वर्णन 'स्मार्ट वॉच' असतं. यंत्र 'वॉच' पाहून शुल्कसूचीतलं प्रकरण 91, म्हणजे घड्याळं, सुचवू शकतं. जागतिक सीमाशुल्क संघटनेने मात्र फोनला जोडून चालणारं असं घड्याळ 8517 मध्ये, म्हणजे संदेश देणाऱ्या-घेणाऱ्या उपकरणांत धरलं आहे. ड्युटीचा दर यावरच ठरतो. टायपिंग करणाऱ्या पोराला हे ठाऊक नसतं, पण पाच वर्षं चेकलिस्ट वाचलेल्या बाईंना असतं.

म्हणजे टायपिंगचं काम आटतं आणि तपासणीचं वाढतं. खरा प्रश्न माझ्या मते पुढेच आहे, आणि त्यावर फारसं कोणी बोलत नाही. त्या बाई तयार झाल्या त्या टायपिंग करता करताच. नवीन मुलाला टायपिंगला बसवलंच नाही, तर पाच वर्षांनी चेकलिस्ट वाचणारं माणूस आणायचं कुठून? पगार वाचला म्हणून खूश होणाऱ्या मालकाने हा हिशेब मांडलेला नसतो.

मोठ्या कंपन्यांच्या बातम्याही याच नजरेने वाचाव्यात. जुलै 2025 मध्ये टीसीएसने सुमारे 12,000 म्हणजे दोन टक्के माणसं कमी करणार असल्याचं सांगितलं. लगेच "एआयने नोकऱ्या खाल्ल्या" असे मथळे झळकले. कंपनीच्या प्रमुखांनी कारण दिलं ते कौशल्यं आणि काम यांचा मेळ बसत नसल्याचं. ते कितपत मानायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. पण फटका मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीला होता, डेटा एंट्रीला नव्हे. स्वीडनच्या क्लार्ना कंपनीने 2024 च्या फेब्रुवारीत आपलं एआय 700 जणांचं काम करतं असं जाहीर केलं, आणि 2025 मध्ये ग्राहकांशी बोलायला पुन्हा माणसं घ्यायला सुरुवात केली.

"काहीही असो, वेळ तर वाचतोच."

कधी वाचतो, कधी नाही. ग्राहकसेवेतल्या पाच हजारांवर कर्मचाऱ्यांचा एक अभ्यास अमेरिकेतल्या संशोधकांनी केला. एआयची मदत मिळाल्यावर कामाचा उरक सरासरी 14 टक्क्यांनी वाढला. नवख्यांचा 34 टक्क्यांनी, मुरलेल्यांचा जवळपास नाहीच. याउलट 2025 मध्ये मेटर या संस्थेने 16 अनुभवी प्रोग्रामरांना त्यांच्या ओळखीच्याच कामावर एआय देऊन पाहिलं. त्यांना 19 टक्के वेळ जास्त लागला. गंमत म्हणजे आपण 20 टक्के लवकर उरकलं, असं त्यांना स्वतःला वाटत होतं. तेव्हा "आमचा स्टाफ खूश आहे" एवढ्यावर लायसन्सचे पैसे वसूल झाले असं धरू नये. आधी किती वेळ लागायचा याची नोंद ज्याच्याकडे नाही, तो किती वेळ वाचला हे सांगणार कसं?

"कॉम्प्युटरने केलंय, म्हणजे बरोबरच असणार. चुकलंच तर सॉफ्टवेअरवाला बघेल."

ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आलं. एका कंपनीने 3.09 कोटींचं उत्पन्न दाखवलं होतं, प्राप्तिकर खात्याने ते 27.91 कोटी ठरवलं. आदेशात आधाराला तीन निकाल दिले होते. ते तिन्ही अस्तित्वातच नव्हते. न्यायालयाने आदेश रद्द करून प्रकरण परत पाठवलं आणि बजावलं, की एआयच्या काळात यंत्राने दिलेलं आंधळेपणाने घ्यायचं नाही, वापरण्याआधी पडताळायचं. कॅनडात तर एअर कॅनडाच्या चॅटबॉटने प्रवाशाला सवलतीची चुकीची माहिती दिली. कंपनीने हात वर केले, पण फेब्रुवारी 2024 मध्ये लवादाने तिलाच भरपाई द्यायला लावली.

क्लिअरिंगमध्ये हे आणखी सरळ आहे. 2011 पासून आयातदार स्वतःच ड्युटी आकारून सांगतो, म्हणजे खरंखोटं त्याच्या अंगावर. कस्टम्स ब्रोकरची कर्तव्यं 2018 च्या नियमावलीत लिहिली आहेत आणि ती पाळली नाहीत तर लायसन्स जाऊ शकतं. त्या नियमावलीत सॉफ्टवेअरचं लायसन्स रद्द करण्याची सोय नाही.

"फुकटचं आहे, वापरायला काय हरकत?"

हरकत आहे. ग्राहकाचं इनव्हॉइस म्हणजे त्याची खरेदीची किंमत आणि पुरवठादाराचं नाव. हे कागद पोरगा स्वतःच्या फोनवरच्या फुकट खात्यात टाकतो, घाईत असतो, वाईट हेतू नसतो. 2023 मध्ये सॅमसंगच्या इंजिनिअरांनी कंपनीचा प्रोग्रामिंग कोड असाच चॅटजीपीटीत टाकला आणि कंपनीला अशा साधनांवर बंदी घालावी लागली. आपल्या अर्थ मंत्रालयानेही 2025 च्या सुरुवातीला ऑफिसच्या यंत्रांवर ती वापरू नका असं कर्मचाऱ्यांना सांगितलं. नुसत्या बंदीने मात्र काम भागत नाही. पोरं चोरून वापरतात, आणि मग काय कुठे गेलं याचा पत्ताच राहत नाही. पैसे भरून कंपनीच्या नावाचं खातं घ्यावं, करारात आपला मजकूर एआयच्या शिकवणीला वापरणार नाही असं लिहून घ्यावं, आणि काय टाकायचं नाही याची यादी भिंतीवर लावावी. माणसांचे आधार, पॅन, फोन नंबर त्या यादीत सगळ्यात वर. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा 2023 चा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. माहिती सांभाळण्याची पुरेशी व्यवस्था ठेवली नाही तर दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे, आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला नियमांपासून 18 महिन्यांची मुदत आहे.