न वाचलेल्या धोरणाबद्दल आपलं मत कुठून येतं?

२९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला मंजुरी दिली. १९८६ नंतरचं हे पहिलंच नवं धोरण. इंग्रजी दस्तऐवज ६६ पानांचा आहे. आपल्या कॉलेजात तो किती जणांनी पूर्ण वाचलाय असं विचारलं, तर हात फारसे वर येणार नाहीत. पण मत विचारा, प्रत्येकाकडे आहे. आपल्या घरच्यांकडेही आहे.

मग हे मत येतं कुठून? मला वाटतं, ते तीन ठिकाणी तयार होतं: एखाद्या शब्दावर, घरच्या रोजच्या वेळापत्रकात आणि शाळाप्रवेशाच्या अर्जावर.

आधी शब्दाचं बघू. धोरणात त्रिभाषा सूत्र आहे. पण तीन भाषा कोणत्या हे राज्यांनी, प्रदेशांनी आणि विद्यार्थ्यांनी ठरवायचं, त्यातल्या किमान दोन भारतीय असाव्यात आणि कोणत्याही राज्यावर कोणतीही भाषा लादली जाणार नाही, असं त्यात लिहिलेलं आहे. महाराष्ट्र सरकारने १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयात पहिलीपासून हिंदी ‘अनिवार्य’ केली आणि वाद पेटला. १७ जूनच्या सुधारित निर्णयात तो शब्द गेला, त्याच्या जागी ‘सर्वसाधारणपणे’ आला. दुसरी भाषा हवी असेल तर वर्गात किमान २० विद्यार्थी हवेत, अशी अटही आली. पण लोकांच्या कानात आधीचाच शब्द बसला होता. शेवटी २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घ्यावे लागले. या सगळ्या गदारोळात मूळ धोरण काय म्हणतं हे फार थोड्यांनी उघडून पाहिलं. लोकांचा राग चुकीचा होता असं मी म्हणत नाही. सहा वर्षांच्या मुलावर तिसऱ्या भाषेचं ओझं टाकायचं का, हा प्रश्न खराच होता. एवढंच, की ६६ पानांपेक्षा एक शब्द लवकर घरोघरी पोचतो.

दुसरी जागा, घरचं वेळापत्रक. आपल्या गोव्यात शाळा म्हणजे जून, नवी छत्री आणि पहिला पाऊस. २०२५ मध्ये सहावीपुढचे बहुतेक वर्ग धोरणाच्या अंमलबजावणीसाठी एप्रिलमध्येच सुरू झाले, आणि पालकांनी उन्हाचं कारण देऊन विरोध केला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. ५+३+३+४ हा आकृतिबंध समजावून घ्यायला जी माणसं कधी सभेला आली नसती, ती एप्रिलच्या उकाड्यावर तावातावाने बोलत होती. यात हसण्यासारखं काही नाही. घामाघूम होऊन घरी आलेलं मूल आईला दिसतं, ‘पायाभूत स्तर’ दिसत नाही. सुधारणा घरात ज्या रूपाने शिरते, त्याच रूपाने लोक तिला ओळखतात.

तिसरी जागा प्रवेशअर्जाची, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. पाचवीपर्यंत तरी, शक्यतो आठवीपर्यंत, शक्य असेल तिथे घरच्या किंवा स्थानिक भाषेतून शिकवावं असं धोरण म्हणतं. गोव्याला हा वाद नवा नाही. १९९० मध्ये, शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना, प्रादेशिक भाषांतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचं ठरलं. चर्चच्या कितीतरी शाळा तेव्हा इंग्रजीकडून कोकणीकडे वळल्या. २०११ मध्ये कामत सरकारने इंग्रजी माध्यमालाही अनुदान द्यायचं ठरवलं, तेव्हा त्याविरुद्धच्या भारतीय भाषा सुरक्षा मंचाचं नेतृत्व काकोडकरांनीच केलं. २०१२ मध्ये सरकार बदललं, तरी अल्पसंख्याक संस्थांच्या इंग्रजी प्राथमिक शाळांचं अनुदान चालूच राहिलं.

लांबून बघणारा लगेच म्हणेल, कॅथलिक म्हणजे इंग्रजीवाले, हिंदू म्हणजे मातृभाषावाले. इतकं सोपं ते नाहीच. कॅथलिक घरात आणि चर्चमध्ये कोकणी रोमी लिपीत वाचतात, शाळेतलं कोकणीचं पुस्तक मात्र देवनागरीत असतं. म्हणजे ‘मातृभाषेतली शाळा’ म्हटली तरी पुस्तक घरच्यांना परकंच वाटू शकतं. उलट, घरी कोकणी बोलणाऱ्या अनेक हिंदू कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना मराठी शाळेत घातलं. आणि आज इंग्रजी शाळेच्या रांगेत दोन्हीकडचे पालक उभे असतात.

आमचंच घ्या. आईपप्पा मूळचे वसईचे, घरात मराठी. ‘मातृभाषा’ या रकान्यात मराठी लिहिलेलं पाहून ‘कॅथलिक ना, मग कोकणी लिहा’ असं सांगणारे मला बऱ्याचदा भेटलेत. तरी माझं शिक्षण पहिलीपासून इंग्रजीतच झालं. पप्पांना कारण विचारलं तर म्हणाले, ‘‘अगं, पाचवीपासून सगळं इंग्रजीतच होतं. मग चार वर्षं उशीर कशाला करायचा?’’

या उत्तरात मराठीबद्दल राग नाही, इंग्रजीबद्दल भक्तीही नाही. त्यात हिशेब आहे. पालक पहिलीच्या वर्गाकडे बघून शाळा निवडत नाहीत. आधी नोकरीच्या मुलाखतीकडे बघतात, मग कॉलेजकडे, मग पाचवीकडे, आणि शेवटी पहिलीकडे येतात. जिना वरून खाली मोजतात म्हणा ना. सुधारणा खालच्या चार पायऱ्यांची झाली आणि वरच्या तशाच राहिल्या, तर त्यांचा हिशेब बदलत नाही.

म्हणून लोकमताचे आकडे वाचताना प्रश्न नेमका काय विचारला होता, हे आधी बघायला हवं. ‘मातृभाषेतून शिक्षण असावं का?’ याला पप्पा मनापासून ‘हो’ म्हणतील. ‘तुमच्या मुलीला कुठे घालाल?’ याचं उत्तर माझ्या दाखल्यावर आहे. दोन्ही उत्तरं खरी आहेत. एका उत्तरात त्यांची इच्छा आहे, दुसऱ्यात त्यांची भीती. सभेत इच्छा ऐकू येते, अर्जावर भीती लिहिली जाते. सरकार आणि आंदोलक दोघेही ‘लोक आमच्या बाजूने आहेत’ म्हणतात, कारण दोघे वेगवेगळी उत्तरं मोजतात.

आपल्यासारख्या मराठी मंडळाला याचं काही देणंघेणं आहे का? आहेच. मराठी प्राथमिक शाळेत आज जे मूल बसत नाही, ते दहा-बारा वर्षांनी या अंकाचं वाचक होण्याची शक्यता कमी. भाषादिनाच्या भाषणांनी पप्पांचा हिशेब बदलणार नाही. पाचवीनंतरही मराठीतून विज्ञान शिकता येतं, कॉलेजात मराठीतून उत्तर लिहिलं तर गुण कापले जात नाहीत, आणि मराठी चांगलं येणाऱ्याला पोटापाण्याचं काम मिळतं, एवढं दिसलं तर बदलेल कदाचित. पुढच्या चर्चेत ‘मातृभाषा की इंग्रजी’ हा विषय ठेवण्याआधी प्रत्येकाने घरी एकदा विचारून यावं: मला त्या शाळेत का घातलंत? मग ती उत्तरं समोर ठेवून बोलूया.