दुकान चालू, मालक घरी

मंडळी, नऊ वर्षांत पहिल्यांदाच सलग आठवडाभर दुकानात गेलो नाही. गल्ला कामावरच्या पोराकडे दिला. घरी पाण्याची टाकी घासली, माळा आवरला, आईसोबत कुरडया घातल्या. दुपारी साने गुरुजींनी मराठीत आणलेलं ‘भारताचा शोध’ वाचायला घेतलं. नेहरूंनी मूळ पुस्तक 1944 मध्ये आपल्याच नगरच्या भुईकोट किल्ल्यात, कैदेत असताना लिहिलं. तिथं ते बागकामही करायचे. किल्ल्यावरून रोज जातो मी, पुस्तक मात्र कधी उघडलं नव्हतं!

चौथ्या दिवशी पोराचा फोन, “दादा, यांना उधारी द्यायची का?” तेव्हा कळलं, सगळे नियम माझ्या डोक्यातच! कुणाला किती, किती दिवसांची, हे संध्याकाळी बसून वहीत उतरवलं. त्यानंतर फोन आला नाही. पुस्तक अजून अर्धंच झालंय.